पेसर होते म्हणून विक्रम बाद होत नाही

इंदूरला नेहरू स्टेडियमवर सकाळी धावणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत एक समज घट्ट बसलाय: केनियाचा धावपटू किपचोगेची २०१९ची व्हिएन्नातली मॅरेथॉनची १:५९:४० ही वेळ पेसरमुळे, म्हणजे वेग लावून देण्यासाठी सोबत धावणाऱ्यांमुळे, विश्वविक्रम म्हणून नाकारली. तसं नाही. पेसर चालतात, फक्त त्यांनी सगळ्यांबरोबर सुरुवात करायला हवी. व्हिएन्नात ते पाळीपाळीने मध्येच येत, पाच पुढे, दोन मागे. पाणी सायकलवरून हातात मिळे. शिवाय शर्यत इतर स्पर्धकांना खुली नव्हतीच. ब्रिटिश धावपटू बॅनिस्टरच्या १९५४च्या ३:५९.४ मिनिटांच्या मैलाच्या शर्यतीतही आधी ब्रॅशर, मग चॅटवे पुढे राहून वेग लावून देत होते. तो विश्वविक्रम मान्य झाला. मला यात अन्याय दिसत नाही, कारण त्या पेसरमागे शर्यतीतला कुणीही धावू शकतो. खरा प्रश्न मिश्र शर्यतीत पुरुष पेसरमागे धावणाऱ्या महिलांचा, कारण तो त्यांना शेवटपर्यंत वेग लावून देऊ शकतो. म्हणूनच फक्त महिलांच्या शर्यतीतला विक्रम वेगळा नोंदवतात.