चॅनल यादीचे संपादन (उपग्रह रिसीव्हर)

उपग्रह रिसीव्हरने शोधून साठवलेली वाहिन्यांची यादी संगणकावर उतरवून घेणे, तिथे तिचा क्रम, नावे आणि गट बदलणे आणि ती पुन्हा रिसीव्हरमध्ये भरणे, या कामाला चॅनल यादीचे संपादन म्हणतात. हे सारे रिमोटनेही करता येते. मात्र ८४० व्या जागेवरची वाहिनी रिमोटचे बटण दाबत दाबत पाचव्या जागी आणणे हा संयमाचा कस पाहणारा उद्योग आहे. संगणकावर तीच नोंद माउसने उचलून हवी तिथे ठेवता येते. दोन-तीन उपग्रहांकडे रोखलेली किंवा मोटरवर फिरणारी डिश असली, की नोंदी काही हजारांवर जातात. संपादनाची बहुतेक साधने अशाच डिश बाळगणाऱ्या हौशी मंडळींनी लिहिली आणि फुकट वाटली.

रिसीव्हर यादी बनवतो ती स्वतःच्या सोयीने. तो एकेक ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरचा, अनेक वाहिन्या एकत्र पाठवणारा प्रक्षेपक) तपासत जातो आणि सापडेल ते खाली लिहीत जातो. त्यामुळे बातम्यांच्या वाहिनीशेजारी चाचणीचे रंगीत पट्टे, त्याखाली रेडिओ, मग एकाच वाहिनीच्या चार प्रादेशिक आवृत्त्या आणि मध्येच पैसे भरल्याशिवाय न दिसणारी एखादी वाहिनी अशी खिचडी तयार होते. १९.२ अंश पूर्वेच्या अ‍ॅस्ट्रा उपग्रहांसारख्या गजबजलेल्या स्थानावर एकाच शोधात हजाराच्या घरात नोंदी मिळतात. त्यांतल्या रोज पाहिल्या जाणाऱ्या जेमतेम वीस-तीस.

नोंदीत काय असते : पडद्यावर नाव दिसत असले, तरी रिसीव्हर वाहिनी नावाने ओळखत नाही, आकड्यांनी ओळखतो. डीव्हीबी या डिजिटल प्रसारणाच्या प्रमाणकांत (उपग्रहासाठीचे पहिले १९९४ चे, दुसऱ्या पिढीचे २००५ चे) प्रत्येक सेवेला, म्हणजे वाहिनीला, सेवा क्रमांक असतो. ती ज्या प्रवाहातून येते त्या प्रवाहाचा क्रमांक आणि मूळ नेटवर्कचा क्रमांक त्याला जोडला, की वाहिनीची ओळख पुरी होते. हे तिन्ही आकडे १६ बिटांचे, म्हणजे ० ते ६५,५३५ यांमधले असतात. शिवाय सिग्नल पकडण्यासाठी उपग्रहाचे स्थान, वारंवारता, ध्रुवण (लहरींची आडवी-उभी दिशा), सिम्बॉल रेट (माहिती येण्याचा वेग) आणि त्रुटीसुधारणेचे प्रमाण लागते. चित्र आणि आवाज यांच्या माहितीच्या पुडक्यांवर १३ बिटांचे ओळखक्रमांक (पीआयडी) असतात. पण ते रिसीव्हर प्रसारणातून ताजे वाचून घेऊ शकतो.

संपादन करताना हा भेद ध्यानात ठेवला, तर निम्मे घोटाळे टळतात. क्रम, गट आणि नाव ही माणसाच्या सोयीची माहिती आहे, ती मनसोक्त बदलावी. ओळखीचे आकडे आणि ट्रान्सपॉन्डरची माहिती मात्र खात्री असल्याखेरीज हाताळू नये. ‘बातम्या’ या नोंदीला ‘क्रिकेट’ नाव दिले म्हणून तिथे सामना लागत नाही. उलट नाव तसेच ठेवून सेवा क्रमांकातला एक आकडा चुकला, तर पडदा काळा.

फाइलींचे प्रकार : लिनक्सवर चालणाऱ्या रिसीव्हरांत यादी साध्या मजकुराच्या फाइलींत असते, आणि संपादनाची कला खरी फुलली ती इथेच. ड्रीमबॉक्स हा असाच एक रिसीव्हर; तो व त्याच्या वंशातील यंत्रांवरच्या एनिग्मा-२ प्रणालीत सापडलेल्या सर्व सेवा ‘लेमडीबी’ या फाइलीत असतात, तर आवडीचे गट वेगळ्या छोट्या फाइलींत. या गटांना तिथे ‘बुके’ म्हणतात. फुलांचा गुच्छ बांधावा तशा वाहिन्या बांधायच्या, अशी ती कल्पना. बुकेच्या फाइलीत वाहिनी स्वतः नसते, फक्त तिच्याकडे बोट दाखवणारा, विसर्गासारख्या दुहेरी टिंबांनी तोडलेला दहा घरांचा संदर्भ असतो. म्हणून एकच वाहिनी पाच बुकेंत ठेवली तरी मूळ नोंद एकच राहते, आणि बुके पुसला तरी वाहिनी पुसली जात नाही.

या संदर्भात उपग्रहाचे स्थानही दडलेले असते. अंशांची दहापट करून तो आकडा षोडशमान (१६ च्या पायाच्या, ० ते ९ व ए ते एफ वापरणाऱ्या) पद्धतीत लिहितात. १९.२ अंशांचे १९२ होतात आणि १९२ चे ‘सी०’. १३ अंश पूर्वेचे १३० आणि त्याचे ‘८२’. पश्चिमेकडील स्थाने ३६०० मधून वजा करतात, त्यामुळे ०.८ अंश पश्चिम म्हणजे ३५९२. एकदा ही खूण कळली, की संपादक प्रोग्राम न उघडताही कोणती ओळ कोणत्या उपग्रहाची हे नजरेने सांगता येते.

क्लाउस श्मिडिंगर यांच्या व्हीडीआर या संगणकावर चालणाऱ्या रेकॉर्डरची रचना आणखी सरळ आहे. ‘चॅनल्स डॉट कॉन्फ’ या एकाच फाइलीत एका वाहिनीला एक ओळ, आणि ओळींचा क्रम हाच वाहिन्यांचा क्रम. दुहेरी टिंबाने सुरू होणारी ओळ गटाचे शीर्षक ठरते. साहजिकच नावात दुहेरी टिंब चालत नाही, त्याजागी उभी रेघ द्यावी लागते.

उपग्रह ट्यूनर आत असलेल्या टीव्हींची गोष्ट निराळी. सॅमसंगच्या अनेक टीव्हींमधून निघणारी ‘एससीएम’ फाइल खरे तर नाव बदललेली झिप फाइल असते. आत ठराविक लांबीच्या नोंदी असतात आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटच्या बाइटमध्ये आधीच्या बाइटांची बेरीज. एक अक्षर बदलले आणि बेरीज जुनीच राहिली, की हिशेब जुळत नाही. इथे मजकूर संपादकाचा उपयोग नाही. ही बेरीज स्वतः करणारा प्रोग्रामच हवा. चॅनसॉर्ट हा असा एक प्रोग्राम वेगवेगळ्या कंपन्यांच्या टीव्हींच्या फाइली उघडतो.

ने-आण : जुन्या रिसीव्हरांना मागे आरएस-२३२ (सिरियल) पोर्ट असे आणि दोन यंत्रे थेट जोडणाऱ्या नल मोडेम केबलीतून यादी संगणकावर येई. पुढे पेन ड्राइव्ह आला. नेटवर्कला जोडलेल्या लिनक्स रिसीव्हरांत एफटीपी (फाइली पाठवण्याची पद्धत) चालते, आणि ड्रीमबॉक्सएडिटसारखे संपादक आतूनच फाइली आणतात व पाठवतात.

पाठवण्यात एक खोच आहे. एनिग्मा-२ चालू असताना यादी स्मरणात धरून बसते आणि बंद होताना तीच पुन्हा फाइलीत लिहिते. नवी फाइल आत टाकून रिसीव्हर नेहमीसारखा बंद केला, तर तासाभराची मेहनत जुन्या यादीखाली गाडली जाते. त्यामुळे आधी पडद्यावरची प्रणाली थांबवून मग फाइल टाकायची, नाहीतर टाकल्यावर लगेच यादी नव्याने वाचण्याची आज्ञा द्यायची. चांगले संपादक हे न सांगता करतात. हाताने फाइली हलवणाऱ्यांना मात्र निदान एकदा हा धडा मिळतोच.

विंडोजवरच्या काही मजकूर संपादकांची बाधा याच जातीची. ओळ संपल्याची खूण विंडोज दोन बाइटांनी लिहिते, लिनक्स एकाने. फाइल दिसायला ठीक असते, पण तो जादा बाइट रिसीव्हरला खटकू शकतो. लेमडीबीच्या पहिल्या ओळीत रचनेच्या आवृत्तीचा आकडा असतो, त्यालाही हात लावू नये. मूळ यादीची प्रत आधी बाजूला ठेवणे हे इतके उघड आहे, की ते हमखास राहून जाते.

नावांचा हट्टीपणा : बदललेले नाव काही वेळा आपोआप पूर्ववत होते. वाहिनी लावली की प्रसारणातल्या सेवा-तक्त्यातून तिचे अधिकृत नाव येते आणि रिसीव्हर ते आपल्या नावावर चढवतो. हे टाळण्यासाठी लेमडीबीत ‘नाव धरून ठेव’ अशी ८ या मूल्याची खूण असते. संपादकाने ती लावली, तरच नवे नाव टिकते. नावाच्या सुरुवातीला किंवा मध्ये कचरा अक्षरे दिसली, तर बहुधा अक्षरसंचाचा घोळ असतो. डीव्हीबीत नावाचा पहिला बाइट कोणता अक्षरसंच वापरला ते सांगतो, आणि प्रक्षेपकाने तो चुकवला वा गाळला, तर रिसीव्हर आपल्या समजुतीने वाचतो. अशी नावे संगणकावर दुरुस्त करणे सोपे जाते.

यादी संपादित करून सशुल्क वाहिन्या उघडत नाहीत. नोंदीत कूटप्रणालीचा क्रमांक असला, तरी ती केवळ पाटी आहे. कुलूप उघडते ते कार्ड आणि त्यावरचा हक्क. सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या बॉक्समध्ये बहुधा संपादनाचाच प्रश्न नसतो, कारण क्रमांक प्रसारणातून येतात आणि यादी बाहेर काढण्याची वाट बंद असते. इंटरनेटवरून दुसऱ्याची तयार यादी घेतानाही एक तपासावे : त्याच्या डिशचे उपग्रह निवडणारे स्विच ज्या क्रमाने जोडलेले आहेत, तसेच आपले असतील असे नाही. उपग्रहांची जोडणी ट्यूनरच्या मांडणीत ठरते, यादी ती बदलत नाही.

यादी जुनी होत जाते. वाहिनी दुसऱ्या ट्रान्सपॉन्डरवर गेली की तिची ओळख बदलू शकते, आणि बुकेमधले बोट रिकाम्या जागेकडे दाखवत राहते. टायमर व वाहिन्यांची बोधचिन्हेही त्याच संदर्भावर बेतलेली असल्याने ठरवलेले रेकॉर्डिंग चुकते, चिन्ह गायब होते. अशा वेळी तेवढाच ट्रान्सपॉन्डर पुन्हा शोधावा. एनिग्मा-२ नव्या नोंदी ‘शेवटच्या शोधात सापडलेल्या’ अशा वेगळ्या बुकेत गोळा करते; तिथून हवी ती नोंद आपल्या गटात, जुन्या मेलेल्या नोंदीच्या जागी बसवता येते.