नौका अपघात : जखमींना कायदेशीर मदत आणि नुकसानभरपाई (मराठवाडा)

नदीत, तलावात किंवा धरणाच्या फुगवट्यात होडी उलटून, धडकून, बुडून अथवा तिच्या इंजिनात सापडून माणूस जखमी झाला किंवा दगावला, तर त्याला व त्याच्या वारसांना मिळू शकणारी भरपाई, सरकारी अनुदान, विमा आणि मोफत वकील यांची ही व्यवस्था. रस्त्यावरच्या अपघातासाठी मोटार अपघात न्यायाधिकरण आहे. होडीसाठी तसा एकच दरवाजा नाही. मोटार वाहन कायद्यात वाहन म्हणजे रस्त्यावर चालण्याजोगे वाहन, त्यामुळे त्या न्यायाधिकरणात होडीचा दावा चालत नाही. पुष्कळ कुटुंबे आधी तिथेच जातात आणि मोलाचे महिने हातचे जातात.

मराठवाड्याला समुद्र नाही, पण पाणी पसरलेले आहे. गोदावरीवरचा नाथसागर (जायकवाडी, १९७६) आणि नांदेडजवळचे विष्णुपुरी, पूर्णेवरची येलदरी व सिद्धेश्वर, सिंदफणेवरचे माजलगाव, मांजरा, पैनगंगेवरचे इसापूर ही मोठी जलाशये, शिवाय गावोगावचे पाझर तलाव. त्यांवर चालणाऱ्या होड्यांत नोंदणी झालेल्या कमी. मासेमार भोई मंडळींची लाकडी होडी, थर्माकोलचा चप्पू (छोटा तराफा), पूर आला की नदी ओलांडायला वापरली जाणारी गुळाची काहील (गूळ बनवायची मोठी कढई), वाळू उपशाचे तराफे व इंजिन बोटी, आणि घाटावर किंवा उद्यानाच्या तलावात पैसे घेऊन फिरवणाऱ्या बोटी अशी ही सरमिसळ आहे. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुले थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून, साप हाकलायला हातात काठ्या घेऊन शाळेत जातात, हे २०२२ मध्ये देशभर छापून आले. अशा ठिकाणी अपघात झाला तर भरपाई कोणाकडे मागायची, हाच मुळात अवघड प्रश्न असतो. पुढची सगळी चर्चा त्याच प्रश्नाभोवती फिरते.

कायद्याची चौकट

१९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला. यंत्रावर चालणाऱ्या होडीला नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र, चालवणाऱ्याला सक्षमतेचा दाखला आणि विमा या गोष्टी त्यात आहेत. वल्ह्याच्या होड्यांची नोंद ठेवण्याचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे देण्याची तरतूद आहे. राज्यात या कायद्याचे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. होडीचा विमा नसणे हा मालकाचा दोष आहे, जखमीचा नाही. विमा नसला तरी दावा उभा राहतो. फरक एवढाच की पैसे विमा कंपनीऐवजी मालकाकडून, ठेकेदाराकडून किंवा होडी चालू देणाऱ्या संस्थेकडून वसूल करावे लागतात. म्हणून तलावाचा ठेका कोणाचा, घाट कोणाच्या ताब्यात, मासेमारीचा परवाना कोणत्या संस्थेला, ही कागदपत्रे नगरपालिका, मत्स्यव्यवसाय खाते किंवा पाटबंधारे विभागाकडून माहितीच्या अधिकारात लवकर मागवावीत.

फौजदारी बाजू भारतीय न्याय संहितेत आहे. कलम २८२ बेदरकारपणे होडी चालवण्याबद्दल (६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही). कलम २८४ भाडे घेऊन असुरक्षित किंवा जास्त भरलेल्या होडीतून माणसे नेण्याबद्दल (६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही). हलगर्जीपणाने मृत्यू झाला तर कलम १०६, ज्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे. शिक्षा झाली म्हणून भरपाई आपोआप मिळत नाही, पण फौजदारी कागद पुढच्या दाव्याचा पाया असतो.

पंचनाम्याचा आठवडा

मृत्यू झाला की ठाण्यात बहुतेक वेळा आधी ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते. तिच्यात ‘होडी पाण्यात उलटून इसम मयत’ एवढे लिहिले आणि प्रकरण तिथेच राहिले, तर हलगर्जीपणाबद्दल एक शब्दही कागदावर येत नाही. नातेवाइकांनी लेखी फिर्याद द्यावी आणि कलमांचा उल्लेख करावा. ठाण्याने ती नोंदवली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी, त्याउपर दंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात काय असावे, हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण इथेच दावे जिंकले-हरले जातात. होडी किती माणसांची होती आणि प्रत्यक्षात किती बसले होते. लाइफ जॅकेट किती होती, त्यांतली किती मापाची, किती जणांच्या अंगावर, बकल चालू होते की तुटलेले. इंजिन बंद पडले होते का, सुकाणू कोणाच्या हाती होते, त्याच्याकडे दाखला होता का. धरणातून विसर्ग चालू होता का आणि घाटावर त्याची सूचना दिली होती का. होडीला क्रमांक होता का, फळी कुठे फुटली होती. मोडकी होडी दुसऱ्या दिवशी ओढून नेली जाते किंवा दुरुस्त होते, म्हणून त्याच दिवशी फोनवर फोटो घ्यावेत आणि मूळ फोन जपून ठेवावा; पुढे न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. तिकीट मिळाले नसेल तर नावाड्याला केलेल्या यूपीआय पेमेंटची नोंद तिकिटाचे काम करते. नगद दिले असेल तर सोबत बसलेल्यांचे जबाब लागतात, आणि ते गावी परतण्याआधी त्यांचे पत्ते लिहून घ्यावेत.

जखमीला सिव्हिलला किंवा घाटीला (छत्रपती संभाजीनगरचे सरकारी रुग्णालय) नेले की ‘एमएलसी’ (पोलिसांना कळवायचे वैद्यकीय प्रकरण) अशी नोंद करून घ्यावी आणि डॉक्टरांना ‘होडी अपघात’ असे स्पष्ट सांगावे. बुडता बुडता वाचलेल्या माणसाच्या फुप्फुसात पाणी गेले असेल तर त्रास काही तासांनीही वाढतो, तेव्हा ‘बरा आहे’ म्हणून त्याच रात्री घरी नेणे जिवाशी खेळणे आहे. घाट आणि होडी यांच्यात सापडून बोटे चेंगरणे, इंजिनाच्या पंख्याचे पाते लागून पाय फाटणे या जखमांचे फोटो आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. कायमचे अपंगत्व असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मंडळाकडून दाखला काढावा.

कुठे दाद मागायची

पैसे देऊन केलेल्या फेरीसाठी सर्वांत सोयीचा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तिकीट, सहलीची फी किंवा पॅकेजचे पैसे दिले असतील तर ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि तिकीट दुसऱ्याने काढले असले तरी फेरीचा लाभ घेणारा तक्रार करू शकतो. जखमी जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही ती दाखल होते. लातूरच्या माणसाला पैठणला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत घटनेपासून २ वर्षे. जिल्हा आयोगाची मर्यादा ठरते ती दिलेल्या मोबदल्यावरून, मागितलेल्या भरपाईवरून नाही, आणि ती ५० लाख रुपयांपर्यंत आहे. होडीचे तिकीट शे-दोनशे रुपयांचे असल्याने ही प्रकरणे जिल्ह्यातच राहतात. फुकट नेऊन सोडणारा मासेमार मात्र या कायद्यात येत नाही. तिकिटावर ‘प्रवासी स्वतःच्या जबाबदारीवर’ असे छापलेले असते, त्याला घाबरून कुणी घरी बसू नये. अशा वाक्याने हलगर्जीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही.

बाकीच्यांसाठी दिवाणी न्यायालय. मृताच्या पत्नी किंवा पतीला, आईवडिलांना आणि मुलांना १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दावा करता येतो, मुदत मृत्यूपासून २ वर्षे. सरकारविरुद्ध दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार २ महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. कोर्ट फी परवडत नसेल तर निर्धन म्हणून दावा करण्याची सोय आहे. सरकारी यंत्रणेचा दोष उघड असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट याचिकाही (हक्क डावलल्याबद्दल थेट उच्च न्यायालयाकडे अर्ज) होऊ शकते, पण वादग्रस्त घटनांचा साक्षीपुरावा तिथे तपासला जात नाही.

मालक बहुतेक वेळा एकच बचाव घेतो : वादळ आले, दैवी आपत्ती होती. मे २०२४ मध्ये उजनीच्या फुगवट्यात करमाळ्याकडून इंदापूरकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटून ६ जण बुडाले. मराठवाड्याच्या शेजारची ही घटना. वारा आणि पाऊस नैसर्गिक खरे, पण हवामान खराब असताना होडी सोडायचा निर्णय माणसाचा असतो, आणि न्यायालयापुढे प्रश्न त्या निर्णयाचा येतो. जॅकेट देऊ केले असता प्रवाशाने घातले नाही, तर त्याच्या वाट्याचा दोष धरून भरपाई कमी होऊ शकते. लहान मुलाच्या बाबतीत मात्र जबाबदारी मोठ्यांकडे जाते. १९९५ मध्ये पंजाब भागातल्या एका शाळेच्या सहलीत १४ मुले बियास नदीत बुडाली, सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये (एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद) प्रत्येक मुलामागे ५ लाख रुपयांची भरपाई कायम ठेवली. ती घटना होडीची नव्हती, पण मुलांना पाण्याकडे नेणाऱ्या शाळेचे कर्तव्य किती मोठे, हे त्या निकालाने ठरवले. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात होडी उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका गेल्या. तेव्हापासून आपल्याकडच्या शाळांनी सहलीचे नियम नव्याने वाचायला हवे होते.

वाळूच्या तराफ्यावर किंवा बोटीवर राबणारा मजूर ग्राहक नसतो, तो कर्मचारी असतो. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा आणि त्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता यांच्याखाली मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. काम करत असताना अपघात झाला एवढे दाखवावे लागते. उपसा बेकायदा होता म्हणून आपला हक्क बुडाला, असे मानून मजुराने गप्प बसणे चुकीचे आहे. अडचण असते ती हजेरीपट नसण्याची. मुकादमाने पाठवलेले पैसे, फोनवरचे संदेश आणि सोबतच्या मजुरांचे जबाब हेच त्याचे हजेरीपट.

रक्कम कशी मोजतात

मृत्यूच्या दाव्यात मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली पद्धत (सरला वर्मा, २००९ आणि प्रणय सेठी, २०१७) दिवाणी न्यायालये आधाराला घेतात. समजा ३४ वर्षांचा, महिना १२,००० रुपये कमावणारा, स्वतःचा धंदा असलेला माणूस गेला आणि मागे चार जण त्याच्यावर अवलंबून आहेत. ४० वर्षांखालच्या वयासाठी भविष्यातली वाढ म्हणून ४० टक्के धरले की उत्पन्न १६,८०० होते. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा केला की १२,६०० उरतात. वर्षाचे १,५१,२००, आणि या वयाचा गुणक (वार्षिक रकमेला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा) १६. म्हणून २४,१९,२०० रुपये. इतर बाबींखालच्या रकमा वेगळ्या. जखमीच्या बाबतीत अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान एक नसते (राजकुमार विरुद्ध अजय कुमार, २०११). जाळे ओढणाऱ्या भोयाच्या उजव्या हाताची बोटे गेली तर दाखल्यावर टक्के कमी दिसतात, पण त्याचा धंदाच बसतो. हे पटवायला त्याच्याच संस्थेतल्या मासेमाराची साक्ष उपयोगी पडते.

दाव्यावाचून मिळणारे पैसे

हे पैसे लवकर मिळू शकतात आणि ते घेतल्याने दाव्याचा हक्क संपत नाही. दोन्ही सोबत चालवावेत. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पाण्यात बुडून झालेला मृत्यू तिच्यात येतो, रक्कम २ लाख रुपये. एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २ लाख वेगळे. घरच्यांना हे हप्ते ठाऊकच नसतात, म्हणून मृताचे पासबुक आधी पाहावे. नोंदणीकृत मासेमारांना केंद्राच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून गट अपघात विमा असतो : मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ५ लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, रुग्णालयाच्या खर्चाला २५,०००. शाळकरी मुलांसाठी राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजना आहे. नदीला पूर आलेला असताना बुडून मृत्यू झाला तर आपत्ती निवारण निधीतून ४ लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी तलाठी व तहसीलदारांचा पंचनामा लागतो.

मोफत वकील आणि फी

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, पूर किंवा मोठ्या आपत्तीत सापडलेले आणि मराठवाड्यासह राज्यात वर्षाला ३ लाख रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना वकील फुकट मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आणि तालुक्याला समिती असते, फोन १५१००. जखमी स्त्री असेल तर तिचे उत्पन्न पाहिले जात नाही, हे बऱ्याच बायकांना कोणी सांगत नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून आकडा ऐकून घरी विचारून मगच सही करावी.

रुग्णालयाच्या दारात ‘भरपाईत तिसरा हिस्सा द्या, बाकी मी पाहतो’ म्हणणारे दलाल भेटतात. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला मनाई आहे. कोऱ्या वकालतनाम्यावर आणि कोऱ्या मुद्रांकावर सही देऊ नये. भरपाई मंजूर झाल्यावर अज्ञान (१८ वर्षांखालच्या) वारसाचा वाटा न्यायालय सहसा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगते, व्याज पालकाला मिळते आणि मूळ रक्कम मूल १८ वर्षांचे झाल्यावर त्याच्या हाती येते. मृतदेह सापडलाच नाही तर मात्र वारसांना मृत्यूचा पुरावा उभा करावा लागतो. नाहीतर बेपत्ता माणूस ७ वर्षांनी मृत मानण्याच्या सर्वसाधारण नियमापर्यंत थांबावे लागते, आणि त्यात वर सांगितलेल्या बहुतेक मुदती उलटून जातात. अशा वेळी किनाऱ्यावरून ज्यांनी त्याला बुडताना पाहिले त्यांचे जबाब पहिल्या आठवड्यातच नोंदवून घ्यावेत.