उन्हाळ्यात शाळेची वेळ बदलली, ड्रेस तोच राहिला

मार्च अर्धा सरला की मराठवाड्यात पालक आणि गुरुजी दोघंही एकच विचारतात: शाळा सकाळची कधी होणार? ही रीत जुनी आहे. परभणी, नांदेड, बीडकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी बारानंतर पत्र्याच्या वर्गखोलीत बसवत नाही, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. मार्च 2025 मध्ये सरकारने राज्यभरासाठी एकच वेळापत्रक ठरवलं: प्राथमिक शाळा सकाळी 7 ते 11.15, माध्यमिक 7 ते 11.45. त्याच वर्षी वार्षिक परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबल्या, त्यामुळे मुलं ऐन उन्हाळ्यात वर्गात बसली. वेळेबद्दल एवढा काथ्याकूट होतो, पण मुलांच्या अंगावरच्या कपड्यांचं काय, हा विषय मात्र क्वचितच निघतो.

आठवी-नववीतल्या मुलीचा ड्रेस एकदा जवळून पाहावा. आत शमीज, त्यावर गुडघ्याखाली येणारा कुर्ता, कुर्त्यावर बटणं लावलेलं जाकीट, आणि जाकिटावर घडी घालून दोन्ही खांद्यांना पिना मारलेली ओढणी. छातीवर आणि पाठीवर असे चार थर. खाली सलवार, पायात मोजे आणि काळे बूट. वरचं बहुतेक कापड टेरिकॉट, म्हणजे सूत-पॉलिएस्टरची मिसळ, नाहीतर निव्वळ पॉलिएस्टर. मुलाचा शर्ट खोचलेला, गळ्यापर्यंत बटण, पट्टा आवळलेला, आणि इंग्रजी शाळेत असेल तर इलॅस्टिकचा टाय. अकरा-साडेअकराला शाळा सुटते तेव्हा वस्तीवरची मुलं याच कपड्यांत दोन-तीन किलोमीटर उन्हातून घरी जातात.

यातला एकही कपडा इथलं ऊन पाहून ठरलेला नाही. प्रत्येक जण कुठून ना कुठून, कुठल्या ना कुठल्या कारणाने आला आणि कायमचा राहिला.

शाळेतल्या सगळ्या मुलांनी एकसारखे कपडे घालावेत ही कल्पना इंग्लंडातली. 1552 साली लंडनमध्ये गरीब, अनाथ मुलांसाठी ख्राइस्ट्स हॉस्पिटल ही शाळा निघाली. तिथल्या मुलांना लांब निळा कोट दिला जाई आणि धर्मादाय शाळेची मुलं म्हणून ती त्यावरून ओळखू येत. पुढे श्रीमंतांच्या शाळांनीही गणवेश उचलला. एकोणिसाव्या शतकात मिशनरी आणि कॉन्व्हेंट शाळांमधून तो हिंदुस्थानात आला, तो थंड मुलखातला टाय, बूट आणि कोट सोबत घेऊनच.

मराठवाड्याची वाट मात्र थोडी वेगळी. 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे शिक्षणाचा दरबारी पोशाख शेरवानी. उस्मानिया विद्यापीठाचा विद्यार्थी म्हटला की अंगात शेरवानी आलीच. 1923 साली औरंगाबादला इंटरमिजिएट कॉलेज निघालं, तेही त्याच व्यवस्थेतलं आणि उर्दू माध्यमाचं. 1938 साली वंदे मातरम् म्हणण्यावरून औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. तो लढा गीताचा होता. पण मुलांनी काय म्हणायचं, कसं दिसायचं हे वरून ठरायचं, हा त्या काळाचा शिरस्ता त्यातून स्पष्ट दिसतो. खेड्यातल्या मुलाला यातलं काहीच लागू नव्हतं. तो सदरा किंवा बंडी घालून, बहुधा अनवाणीच, शाळेच्या ओट्यावर बसायचा.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झालं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. या काळात पांढरा शर्ट आणि खाकी हाफ चड्डी हा मुलांचा, तर पांढरा ब्लाऊज आणि निळा स्कर्ट हा मुलींचा ड्रेस म्हणून सगळीकडे रुळला. खाकी आली लष्करातून. 1840 च्या दशकात वायव्य सरहद्दीवरच्या इंग्रजी फौजेने धूळ आणि ऊन पाहून तो मळकट रंग घेतला होता. मांजरपाटाचा किंवा साध्या सुती कापडाचा शर्ट, ढगळ चड्डी, पायात असली तर चप्पल. आरोग्याचा विचार करून कुणी हा ड्रेस ठरवला नव्हता, परवडत होता म्हणून तो आला. तरीही माझ्या मते मराठवाड्याच्या हवेला सगळ्यात मानवलेला शाळेचा पोशाख तोच. आज गरीब शाळेची खूण म्हणून त्याच्याकडे नाक मुरडलं जातं याचं वाईट वाटतं.

मग कापड बदललं. साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलीन आणि टेरिकॉट बाजारात आलं, पुढे पॉलिएस्टर स्वस्त होत गेलं आणि तालुक्याच्या दुकानातून सुती ड्रेसचं कापड जवळजवळ नाहीसं झालं. याचा दोष दुकानदाराच्या माथी मारून चालणार नाही. टेरिकॉट घरच्या बाईला सोयीचं होतं. कमी पाण्यात धुतलं जातं, तासाभरात वाळतं, इस्त्री लागत नाही, आणि थोरल्याचं धाकट्याला, धाकट्याचं त्याच्या धाकट्याला होतं. जिथे आठवड्यातून एकदा टँकर येतो तिथे हा हिशेब फार मोठा. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात शाळेचा ड्रेस रोज धुणं किती घरांना जमलं असेल? म्हणून कापडाची ही अदलाबदल पाण्याच्या टंचाईतूनही झाली, हे विसरता येत नाही.

त्याची किंमत मात्र मुलाचं अंग मोजतं. कातडीचं तापमान 35 अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा त्याहून तापली की अंगाची उष्णता आपोआप बाहेर जात नाही, उलट आत येते. मग शरीराच्या हाती घाम वाळवणं एवढा एकच उपाय उरतो. सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. साहजिकच दाट विणीच्या पॉलिएस्टरखाली घाम अंगालाच चिकटून राहतो, पाठ भिजते, काखेत आणि मानेवर घामोळं उठतं. लहान मुलांच्या कातडीचं क्षेत्रफळ वजनाच्या मानाने जास्त असतं आणि त्यांना घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो, त्यामुळे ती लवकर तापतात. परिपाठाला उभं असताना मुलाला भोवळ आली किंवा घोळणा फुटला की ‘सकाळी काही खाल्लं नव्हतं का रे?’ असं विचारतात. विचारायलाच हवं. पण कॉलरचं बटणही तेव्हाच सोडायला हवं.

हे सगळं कापसाच्या मुलखात घडतं. गावरानी हा देशी कापूस नांदेड भागाचा. संकरित एनएचएच 44 हे वाण नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं. राष्ट्रध्वजाची खादी उदगीरला विणली जाते आणि ध्वज नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तयार होतात. डिसेंबर 2021 मध्ये ध्वजसंहिता बदलली आणि ध्वजही पॉलिएस्टरचा चालू लागला. ज्या शिवारात कापूस वेचला जातो तिथल्याच लेकराच्या अंगावर सुती शर्ट नसावा, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वात सलणारी गोष्ट वाटते.

नव्वदनंतर तालुक्या-तालुक्याला इंग्रजी शाळा निघाल्या आणि 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर त्यांची संख्या आणखी वाढली. टाय, बूट, गळ्यात ओळखपत्र, बुधवार-शनिवारचा वेगळा पांढरा ड्रेस: पालकांना शिस्त दिसायला हवी होती आणि शाळांनी ती कपड्यांतून दाखवली. सरकारी शाळाही मागे राहिल्या नाहीत, जाकीट त्यांच्याकडेही आलं. मार्च 2024 मध्ये शिक्षकांच्या पोशाखाबद्दल शासनाने सूचना काढल्या. जीन्स-टीशर्ट नको, शर्ट खोचलेला हवा. ज्या महिन्यात ऊन तापू लागतं त्याच महिन्यात हे पत्र निघालं, आणि त्यात उन्हाचा विचार नव्हता.

सवलतीचा इतिहास त्या मानाने फार छोटा आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने 11 मे 2022 ला उष्णतेच्या लाटेबाबत शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात गणवेशाचा स्पष्ट उल्लेख आहे: टायची सक्ती सैल करावी, चामड्याच्या बुटांऐवजी कॅनव्हासचे चालवून घ्यावेत, सैल, फिकट रंगाचे सुती कपडे असावेत आणि शक्यतो पूर्ण बाह्यांचे असावेत. पूर्ण बाह्यांची सूचना अनेकांना खटकते, पण आपल्या शेतकऱ्याकडे पाहिलं की पटते. डोक्याला पटका, अंगात ढगळ सदरा, पायघोळ धोतर. अंग झाकलेलं, तरी कुठेच आवळलेलं नाही. सवलत याचा अर्थ अंगावर कमी कपडे असा घ्यायचं कारण नाही. जाकीट काढणं, गळा सैल करणं, कापड सुती ठेवणं, पायाला वारा लागू देणं एवढंच मागणं आहे.

मोठ्यांनी आपली सोय केव्हाच करून घेतली आहे. वकिलांच्या पोशाखाच्या नियमात सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. इंग्लंडातही हा वाद झाला. जून 2017 मध्ये एक्झिटरच्या एका शाळेत उकाड्यात मुलांना हाफ पँटची परवानगी मिळाली नाही, तेव्हा मुलगे निषेध म्हणून स्कर्ट घालून शाळेत आले. पुढे शाळेला नमतं घ्यावं लागलं. तिथे त्या दिवसांत पारा तिशीच्या पुढे होता. आपल्याकडे तिशीला कुणी उकाडाही म्हणत नाही.

आता प्रश्न असा की हे ठरवणार कोण? शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू झाला तेव्हा शाळा व्यवस्थापन समित्या आल्या, ज्यांत बहुसंख्य पालक असतात. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या सगळ्या मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना दोन गणवेशांसाठी 600 रुपये मिळतात, उरलेल्या मुलांचे राज्य सरकार देतं, आणि खरेदी समितीने करायची असते. एका जोडीला 300 रुपये, त्यातच शिलाई. एवढ्यात जे कापड येतं तेच घेतलं जातं आणि ते सुती नसतं. 2024-25 मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ आला: फिकट निळा शर्ट, गडद निळी पँट, कापडाची खरेदी वरून, शिलाई बचत गटांकडे. गणवेश कित्येक शाळांत महिनोन्‌महिने उशिरा पोचले, कुठे बाही आखूड, कुठे कंबर सैल. डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला आणि अधिकार परत समित्यांकडे आला. त्या गोंधळात रंगाची आणि मापाची चर्चा खूप झाली, कापडात सूत किती याची जवळजवळ झालीच नाही.

अधिकार हातात आहे, केंद्राच्या सूचनाही आहेत. शर्टाच्या कापडात सुताचं प्रमाण जास्त हवं, मार्च ते जून जाकीट आणि टाय नको, बुटांऐवजी चप्पल-सँडल चालेल, एवढा ठराव समितीच्या वहीत बसतो. सुती कापडासाठी 600 रुपये पुरणार नाहीत, म्हणून रक्कम वाढवण्याची मागणीही त्याच ठरावात जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवता येते. शाळा जूनच्या मध्याला उघडते, तेव्हा मराठवाड्यात पाऊस कित्येकदा नीट सुरू झालेला नसतो आणि नवा ड्रेस पहिल्या दिवसापासून उन्हातच घालावा लागतो. मे महिन्यात गावोगावचे पालक लग्नसराईत आणि नांगरटीत गुंततात, सभेला माणसं जमत नाहीत. तेव्हा हा विषय मार्चच्या सभेतच घ्यायला हवा.