तंबोऱ्यातला न लावलेला गंधार

दरवर्षी पौष वद्य पंचमीला कावेरीकाठच्या तिरुवैयारूत शेकडो गायक-वादक दक्षिणेच्या कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांच्या समाधीपाशी जमतात आणि त्यांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच रागांतल्या पाच रचना, एकसुरात गातात. नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री: राग पाच, षड्ज (सा) मात्र एकच. तो धरून ठेवतो तंबोरा.

त्याच्या चार तारा पंचम (प), दोन षड्ज आणि खर्जातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, षड्ज अशा लावतात. गंधाराची (ग) तारच नाही, तरी सुरेल तंबोऱ्यातून गंधार स्वच्छ ऐकू येतो. खर्जाची तार सेकंदाला 65 कंपनं करते असं धरू. ती अख्खी हलतेच, शिवाय दोन, तीन, चार, पाच भागांतही थरथरते. म्हणून तिच्यातून 130 चा षड्ज, 195 चा पंचम, 260 चा वरचा षड्ज आणि 325 चा स्वरही उमटतो. 260 ला 325 म्हणजे चारास पाच. हाच आपला शुद्ध गंधार. कर्नाटक संगीतात त्याला अंतर गंधार म्हणतात.

असे उपस्वर प्रत्येक तारेत असतात, पण बहुतेक वाद्यांत ते मूळ स्वरात लपून जातात. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, रुंद आणि किंचित गोलसर असते, तारेखाली बारीक दोरा सरकवलेला असतो. तार प्रत्येक कंपनात घोडीला टेकते, सुटते, आणि तिची ऊर्जा वरच्या उपस्वरांकडे वळते. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उमटायला नको असा जुना नियम आहे. तंबोरा आणि वीणा तो पाळत नाहीत, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवलं. दोरा केसभर सरकला तरी नाद मिटतो किंवा खुलतो. मिरजेचा भोपळ्याचा तंबोरा असो की तंजावरचा फणसाच्या लाकडाचा, जवारी काढणाऱ्याचा, म्हणजे घोडी आणि दोरा जुळवून हा नाद खुलवणाऱ्याचा, कान इथेच पणाला लागतो.

आता पुन्हा पंचरत्नांकडे. नाट, गौळ आणि आरभी या तिन्ही रागांत अंतर गंधारच आहे, म्हणजे गाणाऱ्यांचा गंधार तंबोऱ्याच्या गंधाराला जाऊन मिळतो. वराळीत तो बराच खाली उतरतो, श्रीरागात कोमल होतो. वाद्य एक गंधार सांगतं, कंठ दुसरा. या दोन कृतींत गाणाऱ्यांना आपला गंधार तंबोऱ्याच्या आधाराविना, स्वतःच्या कानाने सांभाळावा लागतो. मला वाटतं, वराळी सुरू होताच सारं वातावरण बदलल्यासारखं वाटतं, त्यात या ताणाचाही वाटा असावा.