गर्दीत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट

दोन-तीन किलोमीटर चालून धडधाकट माणूस थकत नाही. पण तेवढंच अंतर खच्चून भरलेल्या बाजारात, मिरवणुकीत किंवा जत्रेत चाललं की परतल्यावर बोलायचंही त्राण उरत नाही. पाय तेच, अंतरही तेच. शीण येतो तो निवडीचा. कान, डोळे, नाक आणि त्वचा यांच्याकडून येणाऱ्या माहितीतलं काय पुढे जाऊ द्यायचं आणि काय बाजूला सारायचं, हा निवाडा मेंदू एरवीही करतच असतो. गर्दीत त्याला उसंत मिळत नाही, एवढाच फरक. आणि बाजूला सारलेली माहितीही आपोआप बाजूला होत नाही, तिच्यावरही मेंदूला काम करावं लागतं.

१९५३ मध्ये कॉलिन चेरी या संशोधकाने लोकांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन वेगळी भाषणं ऐकवली आणि एका कानातलं शब्दशः म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानात काय चाललं होतं, हे त्यांना जवळपास सांगताच येईना. तिथे मधेच भाषा बदलली तरी कळलं नाही. पण पुरुषाच्या आवाजाच्या जागी बाईचा आवाज आला की ते लगेच लक्षात यायचं. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांना दिसलं, की दुर्लक्षित कानात स्वतःचं नाव आलं तर साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू येतं. म्हणजे नको असलेला आवाजही दाराशी तपासला जातो. बाजारात शंभर विक्रेते ओरडत असतील तर शंभरांचीही अशी तपासणी चालू असते. त्यात आपण सोबत्याशी बोलायला आवाज चढवतो, शेजारचाही चढवतो, आणि कुणीही ठरवलेलं नसताना सगळ्यांचाच सूर वर जातो. गोंगाटात आवाज आपसूक चढतो, हे फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये मांडलं. तो त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा परिणाम.

सगळ्यात मोठा भार कानांवरच पडतो. डोळे मिटता येतात, कानाला पापणी नाही. शिवाय कानाचं नुकसान मोजता येतं, म्हणून त्याचा हिशेब आधी करावा. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेने सुचवलेली मर्यादा अशी: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. डेसिबलचं माप गुणाकाराचं आहे. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, पण कानाला मात्र ‘थोडंसं वाढलं’ इतकंच जाणवतं. त्यामुळे कानाच्या अंदाजावर विसंबू नये. जवळ मापक नसेल तर साधी खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडावं लागत असेल, तर आवाज ८५ च्या पुढे आहे असं धरून चाला.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अंतर. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. २ मीटरवरून ८ मीटरवर सरकलात तर १२ डेसिबल कमी, म्हणजे कानांना १६ पट जास्त वेळ मिळाला. दोन्ही बाजूंना उंच भिंती असलेल्या गल्लीत हा फायदा घटतो, कारण आवाज भिंतींवर आपटून परत येतो.

दुसरा उपाय इअरप्लग, आणि तो बहुतेक जण चुकीचा वापरतात. फोमचा बोळा नुसता कानात दाबला तर तो अर्धा बाहेरच राहतो आणि फटीतून आवाज येत राहतो. हात स्वच्छ धुवून बोळा बोटांत फिरवत सुरकुती न पडू देता काडीसारखा बारीक करायचा. मग दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाचा वरचा भाग धरायचा आणि वर-मागे ओढायचा. कानाची नळी वाकडी असते, ती त्यामुळे सरळ होते. बोळा आत सरकवून २० ते ३० सेकंद बोटाने धरून ठेवायचा, म्हणजे तो आतच फुगतो. घाईत बोट लगेच काढलं तर फुगता फुगता तो बाहेर सरकतो. बसला की नाही हे तपासायला दोन्ही तळहात कानांवर घट्ट धरा. गोंगाट आणखी बराच कमी झाला तर बोळा नीट बसलेला नाही. फोमचा एक तोटा मात्र राहतो. तो उंच पट्टीचे सूर जास्त खातो, आणि स, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख त्या सुरांवरच अवलंबून असते, म्हणून बोलणं गढूळ ऐकू येतं. फिरायला जाताना फिल्टर असलेले, सगळे सूर साधारण सारखेच १५ ते २० डेसिबलने उतरवणारे प्लग बरे. १०० डेसिबलमधून १५ वजा केले की ८५ उरतात. १५ मिनिटांची मुभा ८ तासांवर जाते, आणि सूचना देणारा भोंगाही ऐकू येतो. एकाच कानात प्लग घालू नये. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांमधल्या फरकावरून ठरवतो, आणि मागून गाडी येत असताना तो फरक हवाच. लहान मुलांना बोळे न देता कान झाकणारे इअरमफ द्यावेत.

डोळ्यांची अडचण निराळी. स्पष्ट दिसतो तो दृष्टीच्या मधला जेमतेम २ अंशांचा भाग. हात लांब केल्यावर अंगठा दिसतो, साधारण तेवढ्या रुंदीचा. बाकीचं चित्र मेंदू सेकंदाला तीन-चार वेळा नजर हलवून जुळवत असतो. नजरेच्या कडेला असलेलं अक्षर एकटं असेल तर वाचता येतं, पण त्याच्या आजूबाजूला आणखी अक्षरं आली की ती एकमेकांत कालवतात. पाट्यांच्या जंगलात ‘बाहेर’ची पाटी डोळ्यांसमोर असून सापडत नाही ती यामुळे. म्हणून चालता चालता पाटी शोधू नये. कडेला, खांबाआड किंवा भिंतीलगत थांबून एकेक पाटी वाचावी. वरच्या दिव्यांचा त्रास होत असेल तर पुढे छज्जा असलेली टोपी उपयोगी पडते. रात्री गडद चष्मा नको, पायऱ्या दिसत नाहीत.

नाकाचं फार मनावर घ्यायला नको. बहुतेक वास काही मिनिटांत जाणवेनासे होतात. धूर आणि मिरचीची धग मात्र वेगळ्या, वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूवरून येते. ती सवयीने जाईल म्हणून वाट पाहू नका, तिथून हला.

इतकं सगळं असूनही सारखाच गोंगाट एकाला झिंग आणतो आणि दुसऱ्याचा जीव नकोसा करतो. त्याची एक बाजू आपल्या हातात नसते. अर्धशिशीचा त्रास असलेल्यांना, अनेक स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तींना आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना हा भार जास्त जड जातो. ‘जरा सवय कर’ हे त्यांना सांगणं अन्यायाचं आहे. दुसरी बाजू मात्र आपल्या हातात आहे, आणि ती डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत स्वच्छ दिसली. १९७२ मध्ये त्यांनी हे काम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलं. लोकांना मोठ्या आवाजाचे तडाखे ऐकवत काम करायला लावलं. आवाज चालू असताना कामात फारसा फरक पडला नाही. परिणाम दिसला आवाज थांबल्यानंतर: ज्यांना तडाखे अवचित बसले होते, त्यांनी अवघड कोडी लवकर सोडून दिली आणि मुद्रितं तपासताना जास्त चुका केल्या. काहींना एक बटण दिलं होतं, फारच असह्य झालं तर दाबा म्हणून. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही नंतरच्या कामात ते बटण नसलेल्यांपेक्षा चांगले निघाले. सुटका हातात आहे एवढं माहीत असणंच पुरलं.

गर्दीच्या प्रवासाची सगळी तयारी या बटणाभोवती करावी असं आमचं ठाम मत आहे. आत शिरण्याआधी बाहेर पडायच्या दोन वाटा स्वतः पाहून ठेवा. ज्या वाटेने सगळे आले तीच परतीची वाट म्हणून सगळ्यांना आठवते, त्यामुळे दुसरी हवीच. दर ४५ मिनिटांनी १० मिनिटं बाजूच्या शांत गल्लीत किंवा बागेत बसायचं, हे थकण्याआधी ठरवा. थकल्यावर ठरवायला लागणारा मेंदूच दमलेला असतो. चुकामूक झाल्यास भेटायची जागा न हलणारी हवी: पुतळा, मनोरा, क्रमांक लिहिलेला स्थानकाचा दरवाजा. ‘फोन करू’ हा बेत गर्दीत फसतो, कारण मोबाइलच्या एका टॉवरवर हजारो फोनांचा ताण येतो. त्या वेळी कॉलपेक्षा साधा एसएमएस पोहोचण्याची शक्यता जास्त. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

वाटेची रुंदीही नजरेने मापून घ्यावी. सपाट वाटेवरून मीटरभर रुंदीतून मिनिटाला फार तर ८० माणसं सुरळीत जातात. म्हणजे ३ मीटरच्या गल्लीतून २४०. कार्यक्रम संपल्यावर पाच हजार माणसं तिथूनच निघणार असतील तर वीस मिनिटांहून जास्त वेळ लागणार, आणि पायऱ्या असतील तर आणखी. शेवटच्या १५ मिनिटांवर पाणी सोडून आधी निघणं किंवा अर्धा तास उशिरा निघणं, दोन्ही चालेल. त्या लोंढ्यात मधोमध निघणं टाळा.

इथवरचा त्रास नकोसा असला तरी जिवावर बेतणारा नव्हता. जिवाचा धोका वेगळा असतो आणि तो ओळखायला गोंगाटाचा उपयोग नाही, दाटी बघावी लागते. चौरस मीटरला दोन-तीन माणसं असतील तर धक्के लागतात, पण आपली पावलं आपली असतात. चार झाली की चाल अडखळते. पाचाला बाहेर पडायला हवं. सहा-सातला गर्दी प्रवाही होते: दाब एका शरीरातून दुसऱ्यात जातो, लाटा उठतात, पाय जमिनीवरून सुटतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्पेनमधल्या पाम्प्लोना शहराच्या उत्सवातल्या चौकाचं चित्रीकरण तपासलं गेलं. दाटी एका मर्यादेपलीकडे गेल्यावर शेकडो माणसांचा घोळका साधारण १८ सेकंदांच्या फेऱ्यात, कुणीही न ढकलता, गोल डोलू लागतो असं त्यात आढळलं. अंगाला असं सावकाश डोलणं जाणवलं तर ती निघायची वेळ आहे.

मराठीतला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द इथे अगदी नेमका आहे. पळापळीत तुडवले जाऊन मरण्यापेक्षा उभ्या जागी श्वास कोंडून मरणाऱ्यांची संख्या मोठी असते. छाती फुगायला जागा नसेल तर हवा असूनही श्वास घेता येत नाही. अशा अपघातांत वाकलेल्या पोलादी कठड्यांवरून ४,५०० न्यूटनहून (साधारण साडेचारशे किलोच्या ओझ्याहून) जास्त बल लागल्याचं दिसलं आहे. म्हणून दाटी वाढताच दोन्ही हात मुठी वळून छातीसमोर आणा, मुष्टियोद्ध्यासारखे. पाठीवरची पिशवी पुढे घ्या. ओरडण्यात श्वास घालवू नका. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. लाट येईल तेव्हा तिच्यासोबत सरका आणि ओसरेल तेव्हा तिरकं कडेकडे दोन पावलं टाका. भिंत किंवा कठडा आणि गर्दी यांच्यामध्ये सापडू नका. पडलात आणि उठता येत नसेल तर कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या, हातांनी डोकं झाका.

गर्दीत माणूस कोसळण्याचं भोवळ हे आणखी एक कारण, आणि ती आधी ओळखता येते. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॉट उष्णता टाकत असतो. दाटीत वारा फिरत नाही, घाम सुकत नाही, आणि न सुकलेला घाम अंग थंड करत नाही. त्यात एका जागी उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. जांभया, कानात दडे, नजरेच्या कडा काळवंडणं ही तिची चिन्हं. पोटऱ्या आणि मांड्या आवळून धरा, टाचा उचला, आणि कडेला पोहोचताच आडवे होऊन पाय वर घ्या. हे गर्दीच्या मधोमध होऊ देऊ नका, कारण तिथे पडलेल्याला जागा मिळत नाही.

२९ ऑक्टोबर २०२२ ला दक्षिण कोरियाची राजधानी सोलच्या इतेवॉन भागात जेमतेम ३ मीटर रुंदीच्या उतरत्या गल्लीत १५९ माणसं दगावली. ती दाटी रात्री सव्वादहाच्या सुमारास जीवघेणी झाली. ‘इथे माणसं चिरडली जातील’ असं सांगणारा पहिला फोन पोलिसांना ६ वाजून ३४ मिनिटांनी गेला होता. तुम्हाला असा फोन करावा लागला तर ‘फार गर्दी आहे’ म्हणून थांबू नका, त्यावरून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. गल्लीचं नाव सांगा, चौरस मीटरला अंदाजे किती माणसं आहेत ते सांगा, लोक एका बाजूने येताहेत की दोन्ही बाजूंनी, उतार आहे का, अंग हेलकावतंय का. आणि मागणी एकच करा: मागून येणाऱ्यांना आधी थांबवा. पुढे काय झालंय हे त्यांना दिसत नसतं.