कुत्रं लंगडतंय, मालिश करायची का एक्स-रे काढायचा?

कोल्हापुरात माणसाचं हाड दुखावलं की वस्तादाची मालिश आणि डॉक्टरचा एक्स-रे दोन्ही चालतंय, त्यामुळं घरातला लॅब्रॅडॉर लंगडायला लागला की तोच हिशोब त्यालाही लागतो. मूळ कल्पना काही चुकीची नाही. औषध, व्यायाम, खाणं, मालिश सगळं धरून जनावराकडं बघायचं, यालाच आता मोठ्या शहरांत इंटिग्रेटिव्ह केअर म्हणतात. घोटाळा होतो तो क्रमात, आधी महिनाभर तेल आणि मग एक्स-रे.

लंगडणं हे नुसतं लक्षण आहे हो. मागचा पाय उचलून धरणाऱ्या कुत्र्याच्या गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं बांधणारा पट्टा, तुटलेलं असेल, खुब्याचा सांधा लहानपणापासून सैल असेल, गोचिडांमुळं होणाऱ्या तापानं सांधे सुजले असतील, नाहीतर हाडाचा कॅन्सर असेल, बाहेरून सगळं सारखंच दिसतं. लांब पाठीच्या, आखूड पायांच्या डॅशहंडचं तर अजून अवघड, त्याच्या मणक्यांमधल्या गाद्या कमी वयातच कडक होतात आणि एखादी सरकली की मज्जारज्जू दाबला जातो. मागचे पाय अचानक फरफटायला लागले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पायाला खोलवर दाबलेलं कळत असताना ऑपरेशन झालं तर दहातली साधारण नऊ कुत्री परत चालतात, ती जाणीवच गेली असेल तर जेमतेम निम्मी. तिथं पाठ चोळत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

निदान झालं की मग मात्र रिहॅबचं, म्हणजे व्यायामानं परत चालतं करायचं काम सुरू, आणि मला तरी हाच भाग लई भारी वाटतो. अंडरवॉटर ट्रेडमिल म्हणजे काचेच्या टाकीत चालता पट्टा आणि कोमट पाणी. पाणी गुडघ्यापर्यंत असेल तर पायांवर वजनाच्या सुमारे 85 टक्के भार येतो, खुब्यापर्यंत भरलं की फक्त 38 टक्के, म्हणजे दुखरा सांधा वाचतो आणि पाण्याच्या विरोधामुळं स्नायूला काम मिळतंय. यावर कुणीतरी म्हणणारच, मग रंकाळा तळ्यात सोडू की! नको. पोहताना बरीच कुत्री पुढच्या पायांवरच जोर देतात, मागचा दुखरा पाय नुसता लोंबत राहतो, शिवाय ऑपरेशनची जखम आणि तळ्याचं पाणी यांचं जमत नाही. घरी करायचं तर गुळगुळीत फरशीवर मॅट टाका, पोटाखालून टॉवेलचा आधार देऊन चालवा, आणि डॉक्टरनं सांगितलं असेल तर बस-ऊठ करून घ्या, तालमीतल्या बैठकाच म्हणा की.

पण सगळ्यात मोठं औषध वाटीत असतंय. 2002 साली छापून आलेल्या एका अभ्यासात 48 लॅब्रॅडॉर जन्मभर बघितले, त्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारे साधारण 13 वर्षं जगले, बाकीचे 11.2, आणि कमी खाणाऱ्यांच्या सांध्यांचं दुखणंही उशिरा सुरू झालं. आपल्याकडं रविवारी उरलेला तांबडा रस्सा भाकरीत कुस्करून देतात, त्यात चरबी तर आहेच, वर कांदा-लसूण, जो कुत्र्यामांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो.

बाकी उपायांचं सांगायचं तर माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 ला सांधेदुखीसाठी बरा पुरावा आहे. ग्लुकोसामाइनचा पुरावा कच्चा. अ‍ॅक्युपंक्चरचे अभ्यास लहान आणि उलटसुलट, पण जाणकारानं केलं तर धोका कमी, म्हणून डॉक्टरच्या उपचारासोबत करून बघायला माझी हरकत नाही. होमिओपॅथीला पुरावा नाही, विषय संपला.

नॅचरल म्हणजे सुरक्षित हे मात्र डोक्यातून काढा. कापराचं तेल किंवा बाम चोळला की जनावर तो चाटणार आणि कापूर त्यांना विषारी आहे. आपल्या घरातली पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ती पचवून बाहेर टाकायची यंत्रणाच तिच्या लिव्हरमध्ये तोकडी आहे. सांधेदुखीवर विकल्या जाणाऱ्या काही देशी पुड्यांत चोरून घातलेलं स्टेरॉइड सापडलंय, आणि स्टेरॉइड प्लस पेनकिलर म्हटलं की पोटात अल्सर होऊन रक्तस्राव. म्हणून पुडी देत असाल तर लाजू नका, डॉक्टरला दाखवा.

आणि फरक पडला का हे स्वतःच्या डोळ्यांवर सोडू नका, पैसे घातले की आपल्याला कुत्रं बरंच वाटायला लागतंय, हे अभ्यासांतही दिसलंय आणि डॉक्टरही त्यातून सुटत नाहीत. दर पंधरा दिवसांनी एकाच जागी, एकाच वेळी चालतानाचा व्हिडिओ काढा, वजन लिहून ठेवा आणि पेनकिलरचा डोस कमी करायचा का ते त्यावरून डॉक्टरला ठरवू द्या.