बाउहाउसमध्ये वास्तुकला केव्हापासून शिकवली गेली?

जर्मनीतील बाउहाउस ही प्रसिद्ध कला व डिझाइन संस्था म्हणजे पहिल्या दिवसापासून वास्तुकला शिकवणारी शाळा होती, असे आजही सर्रास लिहिले जाते. वास्तुकार वाल्टर ग्रोपिअस यांनी १९१९ मध्ये वायमार येथे संस्था स्थापन करताना सर्व कलांचे अंतिम उद्दिष्ट इमारत हेच असल्याचे जाहीरनाम्यात म्हटले होते, त्यामुळे हा समज पसरणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात पहिली आठ वर्षे तेथे वास्तुकलेचा स्वतंत्र विभागच नव्हता. विद्यार्थी प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करून विणकाम, धातुकाम, सुतारकाम अशा कार्यशाळांत जात, आणि इमारतींची ओढ असलेल्यांना मुख्यतः ग्रोपिअस यांच्या खासगी कार्यालयातील कामाचाच काय तो आधार असे. संस्था पुढे डेसाउ येथे हलली, तेथील तिची काचेच्या दर्शनी भिंतीची प्रसिद्ध इमारतही याच कार्यालयातून साकारली. वास्तुविभाग सुरू झाला तो १९२७ मध्ये, स्विस वास्तुकार हानेस मायर यांच्या हाताखाली. मायर यांनी वापर, ऊन आणि खर्च यांचा हिशेब शिकवला, बेर्नाउ येथील कामगार संघटनांच्या शाळेसारख्या खऱ्या प्रकल्पांत विद्यार्थ्यांना सामील करून घेतले. माझ्या मते वास्तुशिक्षणातील खरा बदल हाच, श्रेय मात्र ग्रोपिअस यांच्या खात्यावर जमा होत राहिले. पुढे संस्थेचे संचालक झालेल्या मायर यांना १९३० मध्ये त्या पदावरून दूर करण्यात आले आणि १९३३ मध्ये शाळाच बंद झाली.